चौदावा प्रश्न

माझ्या नाकावर राग असतो, हे पालमच्या आमच्या चर्चच्या मंडळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली आणि त्यातली सव्वीस वर्षं दर रविवारी चर्चच्या ओसरीवर बालवर्गही घेतला. शाळेतून मी आता सुटले, बालवर्गातून सुटले नाही. दिनकरराव हे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. ते म्हणतात, राजेश्रीबाईंच्या वर्गात देवदूतसुद्धा आधी हात वर करील आणि मगच बोलेल. हे कौतुक आहे की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही. कौतुक धरून चालते.

माझी एक वही आहे. चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं, सगळी माझ्या हातची, लाल आणि निळ्या शाईत. जगाला निर्माण कोणी केलं इथपासून सुरुवात, आणि प्रार्थना कशी करावी इथं शेवट. पोरं ती पाढ्यांसारखी म्हणतात. पोरांना देव कळावा म्हणून मी ती वही केली होती, पण खरं सांगायचं तर पुढंपुढं पोरांना वही आली की मला वाटायचं, देव आलाच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वर्गात एक नवी पोरगी आली. नाव ऋतिका, वय आठ, दोन वेण्या आणि त्यांना दोन रंगांच्या रिबिनी. गंगाखेड रस्त्याला वीस मिनिटांच्या वाटेवर एक वस्ती आहे, तिथून आजीचा, म्हणजे दगडाबाईचा, हात धरून आली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला कर्नाटकात जातात. आजवर पोरगी त्यांच्याबरोबर फडात फिरायची, यंदा शाळा बुडू नये म्हणून पहिल्यांदाच आजीजवळ ठेवली होती. मी मंडळीचं रजिस्टर काढलं, बापाचं नाव पाहिलं, आणि हजेरीत लिहिलं, ऋतिका शमुवेल.

हजेरी घेताना ही पोरगी पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही. 'ऋतिका शमुवेल' म्हटलं की आजूबाजूला बघायची, दुसऱ्या हाकेला हळूच 'हजर' म्हणायची. मला वाटलं, कानानं कमी आहे. आजीला सांगून कान तपासून घ्यायचे, असं मी मनात ठरवूनही टाकलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, माझ्यासारख्या शहाणीला तेवढा पुरत नाही.

जानेवारीतला रविवार होता. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर बावीस पोरं, आणि आम्ही चौदाव्या प्रश्नावर आलो.

"परमेश्वर आपला कोण आहे?" मी विचारलं.

"परमेश्वर आपला बाप आहे," सगळ्यांनी सूर धरला.

"तो आपल्याला सोडून जातो का?"

"तो आपल्याला कधीही सोडून जात नाही."

"जातो की," मधूनच एक आवाज आला. "दिवाळी झाली की जातो."

पोरं फिदीफिदी हसली. मी चष्म्यावरून पाहिलं. ऋतिका होती, आणि ती हसत नव्हती.

"कोण जातो गं?"

"परमेश्वर."

तेवढ्यात चंद्रभान उभा राहिला. नऊ वर्षांच्या पोराला आजोबाचं नाव दिलंय आणि त्या नावाचा भारदस्तपणा त्याच्या अंगात आलाय. हात मागे बांधून त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "बाई, तिला येत न्हाई. मी सांगतो. परमेश्वर माझा बाप आहे."

पुढचं मी नीट पाहिलंच नाही. धप्प असा आवाज झाला आणि चंद्रभान सतरंजीवर आडवा दिसला. त्याच्या पाठीत ऋतिकाची मूठ बसली होती.

"माजा हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुजा बाप तर मोबाइलच्या दुकानात बसतो."

मी तिचा दंड धरून तिला उभी केली. देव कुणा एकाचा नसतो, ही गोष्ट तरी हिच्या कानी घालावी म्हणून मी विचारलं, "परमेश्वर काय तुझ्या एकटीचा आहे?"

"व्हय."

"आणि आमचा कुणाचाच नाही?"

"न्हाई."

"माझासुद्धा नाही?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचा कसा असंल? तुमी केवढ्या म्हाताऱ्या."

आता ओसरी हसण्यानं फुटायची बाकी राहिली. आत उपासनेला जमलेल्या बायासुद्धा खिडकीतून डोकावल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "देवाची थट्टा माझ्या वर्गात चालत नाही. बाहेर हो." ती बाहेर झाली. चप्पल शोधली, घातली, आणि रस्त्याला लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मी हजेरीत फुली मारली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. गेली तर गेली, एकवीस आहेत की, असं मी स्वतःला सांगितलं. पण सांगावं लागत होतं, यातच सगळं आलं. रात्री भाकरी थापताना ते 'व्हय' मला ऐकू यायचं. थट्टा करणारं लेकरू डोळ्यांत पाणी आणून थट्टा करत नाही, एवढं एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कळायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी वर्गात हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. मी ती दरवर्षी झोकात सांगते. मेंढपाळ बाकीची मेंढरं रानात ठेवून एकट्यासाठी निघतो, काट्याकुट्यातून फिरतो, आणि त्याला खांद्यावर घेऊन येतो. गोष्ट संपली. चंद्रभाननं हात वर केला.

"बाई, तो हुडकाया गेला. तुमी कवा जाणार?"

मार खाल्लेला तोच होता. मी वही मिटली. म्हणाले, "आज."

दुपारी छत्री घेऊन निघाले. वस्तीत विचारत विचारत दगडाबाईचं घर सापडलं. पत्र्याची दोन खणांची खोली, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग. दार उघडं होतं. आत भिंतीला टेकून दगडाबाई बसली होती, डोळे मिटलेले, पदर डोक्यावरून पुढं आलेला. ती बोलत होती. मी उंबऱ्याशी थबकले.

"परमेश्वरा," ती म्हणत होती, "जेवलास का?"

मी छत्री भिंतीला टेकवली.

"थंडी लय पडायलीय बग. कानाला बांधत जा. पाठ दुखायलीय का आजून? तेल लाव. इकडची फिकर नको करू, लेकरू बरं हाय माजं. जरा रुसलंय, येईल ठिकाणावर."

मी चप्पल काढली, हात जोडले आणि उंबऱ्याबाहेरच डोळे मिटले. सव्वीस वर्षं मी लेकरांना प्रार्थना शिकवली. हे दे, ते दे, यातून सोडव, त्यातून वाचव. देवा, तू जेवलास का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, कुणाला विचारायला शिकवलंही नव्हतं. अक्षर न वाचलेली ही म्हातारी देवाच्या पाठीची विचारपूस करत होती. 

आणि तेवढ्यात उत्तर आलं.

"जेवलो माय," एक पुरुषी आवाज म्हणाला. "तू जेवलीस का?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू, एका क्षणापुरतं मला खरोखर वाटलं की आपण भलत्याच पवित्र जागी उभे आहोत. मी डोळे उघडायचं धाडस करत नव्हते.

"सविता बी जेवली," तो आवाज पुढं म्हणाला. "आन् ऋतिकाकडं दे की फोन. रेंज हाय तवर."

मी डोळे उघडले. दगडाबाईच्या मांडीवर, पदराच्या घडीत, मोबाइल उजळला होता. मग रेंज गेली आणि तो विझला.

माझ्या डोक्यात एकेक दार धाडधाड उघडत गेलं. दिवाळी झाली की जातो. माजा हाय. तुमचा कसा असंल. मी उंबऱ्यावरच खाली बसले.

"अगं बाई, तुमी," दगडाबाईनं डोळे उघडले. "आत या की. अशा कामून बसल्या?"

"दगडाबाई," मी म्हणाले, "तुमच्या मुलाचं नाव काय?"

"परमेश्वर."

"रजिस्टरला शमुवेल आहे."

"ते कागदावरचं," ती म्हणाली, आणि शेंगा सोलत सोलत सगळं सांगितलं. तिला आधी चार लेकरं झाली, एकही राहिलं नाही. पाचवं राहिलं. ज्यानं ठेवलं त्याचंच नाव ठेवायचं, असं तिनं ठरवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, दगडाबाई, हे नाव माणसाला शोभत नाही, आणि त्यांनी शमुवेल लिहिलं. "मी म्हणलं, लिवा. तुमी लिवा, मी हाक मारते." त्यानंतर पस्तीस वर्षं ती त्याच नावानं हाक मारते आहे, आणि सगळी वस्तीही. "मी आपली देवाला येसूबापा म्हणते. म्हंजी दोघांची गल्लत व्हत न्हाई."

गल्लत झाली होती ती माझ्या वर्गात. चुलीमागून दोन रिबिनी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "ऋतिका, इकडं ये. माझं चुकलं." माझ्या तोंडून हे वाक्य निघालेलं दिनकररावांनी ऐकलं असतं तर त्यांनी ते मंडळीच्या इतिवृत्तात लिहून ठेवलं असतं.

ती आली, पण हातभर लांब बसली. मी तिला सांगितलं की परमेश्वर नावाचे दोघं आहेत. एक तुझे पप्पा, ते तुझेच, चंद्रभानचे नाहीत आणि माझे तर नाहीतच. दुसरा देव. आम्ही त्याच्याबद्दल म्हणत होतो.

तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यो ऊस तोडाया जातो का?"

"नाही."

"मग कुटं असतो?"

याचं उत्तर वहीत होतं, नवव्या प्रश्नाखाली, निळ्या शाईत. मला ते तोंडपाठ होतं आणि ते म्हणावंसं वाटेना. मी म्हणाले, "इथंच असतो."

"दिसत तर न्हाई."

"तुझे पप्पा आता दिसतात का?"

"न्हाई."

"मग ते आहेत की नाहीत?"

"हायत," ती चिडून म्हणाली. "फोनवर बोलले की आत्ता."

"ह्याच्याशी बिनफोनचं बोलायचं. रेंज लागत नाही. तो ऐकतो."

"काय बोलायचं?"

"लोक मागतात. पाऊस दे, नोकरी दे, पास कर, दुखणं बरं कर."

"समदे?"

"सगळेच."

"आन् त्येला जेवलास का कोण इचारतं?"

मी दगडाबाईकडं पाहिलं. दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "कुणीच नाही गं."

ऋतिकाचा चेहरा पडला. आठ वर्षांच्या त्या पोरीला देवाची दया आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. "बिचारा," ती म्हणाली, आणि हातभर लांब होती ती सरकत सरकत माझ्या गुडघ्यापाशी आली. पुढच्या रविवारी ती वर्गात आली ती माझ्यासाठी नाही, वहीसाठी तर नाहीच. तिच्या मते एवढ्या पोरांत कुणीतरी त्याची विचारपूस करायला हवी होती.

मी हजेरीत खाडाखोड करून लिहिलं, ऋतिका परमेश्वर. पहिल्याच हाकेला 'हजर' असा मोठा आवाज आला की खांबावरची चिमणी उडाली.

त्या दिवसापासून वही कपाटात गेली असं म्हणणार नाही, पण प्रार्थनेचं पान मी मिटून टाकलं. पोरांना सांगितलं, आधी त्याची चौकशी करा, मग आपलं सांगा, आणि जमलं तर मागूच नका. पहिले दोन रविवार पोरं लाजली. मग चंद्रभान डोळे मिटून म्हणाला, "परमेश्वरा, बरा हाईस का? तुला भागाकार येतो का? मला येत न्हाई. आपण दोघं मिळून बसू." पाठीमागं भिंतीला टेकून प्रियदर्शनी बसायची. ती चौदा वर्षांची, आईनं ढकललं म्हणून येणारी, दोन वर्षांत वहीतल्या उत्तरांपलीकडं एक शब्द न बोललेली. एका रविवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "परमेश्वरा, कसा आहेस? माझं काही बरं चाललेलं नाही." एवढंच. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ तासभर बसली. काय बोललो ते माझं, तिचं आणि त्याचं. पण जाताना ती हसून गेली, आणि पुढच्या रविवारी भिंत सोडून पुढच्या रांगेत बसली. एवढा आनंद मला कुठल्या परीक्षेच्या निकालानं दिला नव्हता.

बातमी दिनकररावांच्या कानी गेली. ते इस्त्रीच्या सदऱ्यात ओसरीवर आले.

"राजेश्रीबाई, देवाला जेवलास का म्हणून विचारतात? तो काय पाहुणा आहे?"

"पाहुण्याला तरी आपण विचारतो, दिनकरराव."

ते खाकरले. "झावळ्यांच्या रविवारी लेकरांची प्रार्थना सगळ्या मंडळीपुढं असते. त्या दिवशी तरी रीतसर होऊ द्या."

"त्या दिवशी ऋतिका करणार आहे," मी म्हणाले. "रीत तिची."

बोलून बसले खरी, पण माझ्या जिवाला एक घोर लागला होता, आणि तो दिनकररावांचा नव्हता. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आदला, एप्रिलच्या तोंडावर येत होता. दरवर्षी त्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या परततात. पण यंदा कारखान्याचा हंगाम लांबला होता, आणि फोनवर परमेश्वर म्हणाला होता की पाडव्यालाच काय, ईस्टरलाही जमणार नाही. पोरीनं सगळ्यांसमोर 'पप्पाला आण' असं मागितलं आणि पप्पा आले नाहीत, तर? पोरांना मागायला मी शिकवलं होतं. मिळालं नाही तर काय करायचं, हे चाळीस प्रश्नांत कुठंच नव्हतं. देव तिच्या हातातून निसटला तर तो पुन्हा द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

आदल्या दिवशी झावळ्या बांधताना मी हळूच विचारलं, "उद्या काय मागणार आहेस?"

"काईच न्हाई."

"पप्पांचं सुद्धा नाही?"

तिनं शिंदीच्या झावळीचं पान सोललं, दातानं तोडलं. "त्येला आधीच लय लोक मागायलेत, बाई. मी कशाला आनि तरास देऊ?"

मी पुढची झावळी बांधायला घेतली. शिकवायचं काम तिच्याकडं गेलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही झावळ्या हलवत बाजारातून मिरवणूक काढली. चंद्रभान सगळ्यांत पुढं, प्रियदर्शनी लहानग्यांना रांगेत ठेवत मधे, आणि मी शेवटी, कारण मागून सगळे दिसतात. भजीवाल्यानं कढई उतरवून रस्ता दिला, आणि एका पोराच्या हातात भजं ठेवलं, ते पोरानं गाणं न थांबवता खाल्लं. चर्चमध्ये आलो तेव्हा जागा राहिली नव्हती. उशिरा आलेली माणसं दाराशी चपलांजवळ उभी होती.

दिनकररावांनी नाव पुकारलं. ऋतिका पुढं गेली, नवा फ्रॉक, दोन रंगांच्या रिबिनी, हातात तिच्याहून उंच झावळी. तिनं डोळे घट्ट मिटले. मंडळीनं माना खाली घातल्या. मी घातली नाही, मला धीर नव्हता.

"परमेश्वरा," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "जेवलास का?"

"व्हय, जेवलो," दाराकडून आवाज आला.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. दाराशी, चपलांच्या ढिगापाशी, एक उन्हानं रापलेला माणूस उभा होता. खांद्यावर गाठोडं, अंगावर दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ, शेजारी बायको सविता. सवयीनं ओ देऊन बसला आणि आता आपल्याच तोंडावर हात ठेवून उभा होता. बायांच्या बाजूला दगडाबाईनं पदर तोंडात कोंबला. दिनकररावांचा चष्मा नाकावर घसरला. कुणीतरी हसलं, मग दुसरं, आणि मग हसू सगळ्या चर्चभर पसरायला लागलं.

ऋतिकानं डोळे उघडले नाहीत. फक्त कपाळाला आठी घातली.

"तुमाला न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "त्येला इचारलं."

हसू जिथल्या तिथं थांबलं. सगळं चर्च तिच्याकडं बघत होतं आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.  पाय दाराकडं पळायला उतावीळ झालेले मला दिसत होते, एक टाच वर उचललेली सुद्धा होती. पण तिचं बोलणं चाललं होतं, आणि ते अर्ध्यात सोडायला ती तयार नव्हती.

"पप्पा आले बग," तिनं त्याला सांगितलं. "मी तर मागितलं बी नव्हतं." मग थोडं थांबली, आणखी काही राहिलं का ते आठवलं. "आता तू बी जेवून घे. आमेन."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली, दिनकरराव सगळ्यांत मोठ्यानं.

आणि मगच तिनं झावळी माझ्या हातात कोंबली आणि दाराकडं धूम ठोकली.